सूपभर लसूण

आज कपाटातून जुन्या प्रश्नावल्या काढल्या आणि एकीतून लसणाचं साल तरंगत टेबलावर उतरलं.

ते पारूबाईंच्या ओसरीवरचं. बायकांना दिवसभरात मोकळा वेळ किती मिळतो, हे विचारत मी तेव्हा गावात दारोदार फिरत होते. पारूबाई वर्षाच्या चटणीसाठी लसूण सोलत होत्या. मी पेन उघडताच त्यांनी सूप माझ्याकडे सरकवलं.

"नुसतं बसून काय बोलायचं, पोरी?"

मग त्याच विचारत गेल्या. लग्न झालं का, सासू कशी आहे, नवरा भांडी घासतो का. मी सोलत सोलत सगळं खरं सांगून टाकलं. संशोधकानं तटस्थ राहावं, असं आम्हाला शिकवलेलं. पण बोटांना लसणाचा वास लागल्यावर तटस्थ कसं राहायचं, हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं. माणसं समजून घ्यायला जावं, तर ती आधी आपल्यालाच पाखडून घेतात.

सूप संपलं तेव्हा कुठे मला माझा प्रश्न आठवला. पारूबाईंनी पाय लांब केले, भिंतीला पाठ टेकली.

"मोकळा वेळ? रोजचा कुठला! आज मिळाला बघ, तू लसूण सोललास म्हणून. लिही अर्धा तास. आणि उद्या येशील तेव्हा लवकर ये, मिरच्या निवडायच्यात."