डावीकडचा बाण

मी बोलायला लागलो की आमच्या धावण्याच्या ग्रुपातली माणसं बुटाच्या नाड्या सोडून परत बांधायला घेतात. आता अर्धा तास सुटका नाही, हे त्यांना ठाऊक असतं. कोंडेश्वरच्या चढावर मी बिबट्याला साइड दिली, बारवीच्या रस्त्यावर एसटीला मागे टाकलं, एकदा धुक्यात असा सुटलो की थेट कर्जतची पाटी दिसल्यावरच भानावर आलो — हे सगळं तुम्हाला कोणीही सांगेल, कारण मीच सगळ्यांना सांगितलंय. पण इतकं बोलणाऱ्या या तोंडातून एक गोष्ट आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोपुढे नाही, दारूच्या टेबलावर नाही, देवापुढेही नाही — तिथे तर मी नुसता हात जोडून लगेच मागे फिरतो.

आता तुम्ही म्हणाल, या माणसाचं काय खरं धरायचं? रास्त आहे. मीही धरलं नसतं.

आमचा ग्रुप कात्रपचा. अंबरनाथ एमआयडीसीतले चार-पाच ऑफिसर, चिखलोलीच्या नव्या इमारतींतली तरुण जोडपी, आणि उल्हासनगरहून येणारा सिंधी हरीश — कापडाचं दुकान, पोट सुटलेलं, मन त्याहून मोठं. आठवडाभर कंपनीचा वास नाकात घेऊन जगणारी ही माणसं रविवारी पहाटे उल्हास नदीच्या काठाने धावतात. हिवाळ्यात तिथे काय असतं ते लिहायला बसलो तर मूळ गोष्ट राहील. नदीवर वाफ, समोर चंदेरीचा सुळका, शेतात वालाची कोवळी पानं — एवढ्यावर भागवून घ्या.

रूट शोधायचं काम माझं. रूटमास्तर म्हणायचे मला. पद्धत अशी, की शनिवारी दुपारी रूटमास्तराने तो रस्ता स्वतःच्या पायाने धावून बघायचा आणि जिथे फाटा असेल तिथे कबड्डीचं मैदान आखायच्या पांढऱ्या फक्कीने बाण काढायचा. रविवारी बाकीचे फक्त बाण बघून धावतात. हरीश म्हणायचा, "कोच साब, आपका बाण मतलब आँख बंद करके भागने का."

मी हसायचो. कोणी डोळे मिटून आपल्यावर विश्वास ठेवला की छाती किती फुगते, सांगू?

नदीकाठच्या एका गावात भोईरांचं शेत आहे. दोघे भाऊ, बाळारामदादा आणि गजानन. एकच घर, एकच अंगण, शेतही मिळून कसायचे. त्यांच्या बांधावरून आमची वाट जायची. दादा आम्हाला विहिरीचं पाणी द्यायचा. पण त्या वर्षी भात काढून वाल पेरल्यावर तो मला म्हणाला, "सायेब, धावा किती पन. माझ्या वालावं पाय नका देवू." आमच्यातली दोन पोरं फोटोसाठी शेतात घुसली होती, त्यावरून हे निघालं. बोलला तो साधंच. मी मात्र मनात नोंद केली — हा आता आपल्याला आडवा येणार. का केली? माणूस सरळ बोलला की मला आधी त्याच्यामागचं वाकडं दिसतं. स्वतः वाकडं बोलणाऱ्याला दुसरं काय दिसणार.

तर तो शनिवार. मी धावत गेलो नाही, स्कूटर काढली. गुडघा दुखत होता असं लिहिणार होतो, हात तिकडेच वळला होता — पण नाही, गुडघा ठणठणीत होता. घरी टीव्हीवर मॅच चालू होती, बस्स. भोईरांच्या शेताजवळच्या फाट्यापर्यंत स्कूटरने आलो. उजवीकडे डांबरी रस्ता, डावीकडे नदीकाठची पायवाट. सुंदर वाट डावीकडची. आणि तिच्या तोंडावर कोणीतरी बाभळीच्या काट्या आडव्या टाकलेल्या.

गावात वाटेवर काट्या टाकल्या की त्याचा अर्थ एकच — पुढे जाऊ नका. हे मला माहीत नव्हतं का? माझा जन्मच या भागातला, लहानपणी मीच असल्या काट्या ओढून टाकल्यात. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात एकच आलं — वालाचा राग काढतोय, आमचा रस्ता अडवतोय. मी त्या काट्या पायाने बाजूला ढकलल्या. एक काटा बोटात घुसला, शिवी दिली — काट्याला नाही, भोईराला. फक्कीने डावीकडे बाण काढला, चांगला ठसठशीत, आणि स्कूटर वळवली. वाटेवर दहा पावलं चालून बघितलं असतं तरी चाललं असतं. नाही चाललो.

रविवारी हरीश सगळ्यांच्या पुढे होता. मुंबईची मोठी मॅरेथॉन लेकीसोबत पळायची म्हणून पठ्ठ्या पेटला होता. वळणामागे उंच गवत, आणि गवतामागे वाट नव्हतीच. पावसाळ्यात नदीने काठ खाल्ला होता. आम्ही पोचलो तेव्हा तो खाली दगडांत पडलेला, आणि त्याचा पाय भलतीकडे वळलेला.  

भोईर भाऊ धावत आले. शिडी आणली, हरीशला तिच्यावर बांधलं आणि दोघांनी वर काढलं. बाळारामदादा धापा टाकत म्हणत होता, "मी काट्या टाकल्या होत्या ना. कोनी उचलल्या काट्या?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. दादाने विचारलं म्हणून नव्हे. बाण माझा होता म्हणून.

इथे माझी सगळी हुशारी कामाला आली. आयुष्यभर फेकलेल्या थापा म्हणजे जणू याचीच रंगीत तालीम होती. मी म्हणालो, "माझा बाण उजवीकडे होता. हा माझा नाही."

एवढंच. कोणाचं नाव घेतलं नाही. टेम्पो हरीशला घेऊन निघाला, आणि मी हळूच पुढे जोडलं, "वालावरून कोणाचं डोकं फिरलंय ते बघा." बाकीचं काम लोकांनी केलं. एक म्हणाला, फक्की कुठून आणली असेल त्याने? दुसरी म्हणाली, रांगोळी कोणाच्या घरात नसते? संध्याकाळपर्यंत ग्रुपवर निकाल लागला होता — काट्या टाकल्याचं तो खोटं बोलतोय, बाण त्यानेच बदललाय. दोघे-तिघे जाऊन त्याला दारात बोलूनही आले. मी गेलो नाही. मी मोठ्या मनाने ग्रुपवर लिहिलं, "जाऊ दे, गरीब माणूस आहे." हे वाक्य मला आजही सर्वात जास्त टोचतं, कारण त्यावर लोकांनी अंगठे दिले होते.

हरीशचा पाय सरळ झाला नाही. मॅरेथॉन लेक एकटी पळाली. तो अजून रविवारी येतो — काठी टेकत, संत्र्यांच्या फोडी घेऊन. आणि दर दोन-तीन आठवड्यांनी विचारतो, "कोच साब, वो बाण किसने बदला होगा?" विचारताना माझ्याकडे बघतो. नुसता विचारतोय की चाचपतोय? एकदा मी म्हटलं, "छोड ना यार." तो म्हणाला, "आपने तो छोड दिया, साईं." याचा अर्थ काय लावायचा? मी अजून लावतोय. फोन वाजला आणि त्याचं नाव दिसलं की हल्ली आधी दोन रिंग जाऊ देतो, मग मी हॅलो म्हणतो.

परवा शेवटी ठरवलं, बाळारामदादाला सांगून टाकायचं. आधी त्याला, मग हरीशला. वाक्यं पाठ केली होती. संध्याकाळी गावात पोचलो तर गजाननच्या मुलीची हळद. डीजे लागलेला, अख्खं गाव पिवळं झालेलं, बायका नाचतायत. अंगणाच्या मधोमध पत्र्याचं कुंपण. मागे तिथे मी कधी कुंपण बघितलं नव्हतं. आणि अलीकडच्या अंधाऱ्या ओट्यावर मुलीचा सख्खा काका एकटा बसलेला.

आमच्याकडे हळदीला काका नाही म्हणजे काय, हे मी तुम्हाला कसं समजावू? लांबच्या भावकीतला माणूससुद्धा रुसवा बाजूला ठेवून येतो.

मी विचारलं, "दादा, तुम्ही इथे?"

त्याने बसायला सांगितलं. पाणी दिलं. मग डीजेच्या आवाजात माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला, "सायेब, तुमचे लोक मना बोलून गेले. पन मी नय केला. कोनी केला, मना म्हायत हाय."

 वाटलं, बरं झालं. याला माहीत आहे. आता मला काही बोलायचंच नाही, नुसती मान खाली घालायची.

"आमच्या गजानं," तो म्हणाला. "त्याचा पंप त्या वाटेवं हाय. मोटार न्याला काट्या त्यानंच उचलल्या. बानाचा खेल पन त्याचाच, माझा नाव खराब कराला. इच्यारला तर आईची शपथ घेतो. खोटी शपथ घेनाऱ्याच्या पोरीची हलद मी कशी लावू?"

पलीकडे कोणीतरी माइकवर बाळारामकाकांना बोलावत होतं. दोनदा बोलावलं. गजाननचाच आवाज होता. दादा उठला नाही. माझ्याकडे बघत राहिला. त्याला फक्त एवढंच हवं होतं, की शिकलेल्या माणसाने सांगावं, तुझा संशय बरोबर आहे की चूक.

पाठ केलेलं पहिलं वाक्य जिभेवर होतं.

मी म्हणालो, "असेल."

त्याने मान हलवली, उठला, घरात गेला आणि आतून कडी लावली. मी स्कूटर काढून कात्रपला आलो. मुलीला त्या रात्री काकाची हळद लागली नाही.