कुंपणाबाहेरचा हौद

आमचे शेजारी फकिराभाऊ पडेगावच्या एका वसाहतीत पाणी सोडण्याचे काम करतात. त्यांचा जन्म सिल्लोडकडील मेंढपाळाच्या घरी झाला. एका दुष्काळात त्यांचा कळप संपला, म्हणून ते शहरात आले. त्यांना घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते. एका उन्हाळ्यात मात्र पाहिले.

वसाहतीची बाग, दिवे आणि बोअर एक खासगी कंपनी सांभाळत असे. कंपनीच्या मुकादमाशी फकिराभाऊंचा तोंडी करार होता. त्यांची थोरली बहीण केसरबाई हिने बागेत रात्री मेंढ्या बसवून लेंड्यांचे खत द्यावे व त्याबदल्यात कुंपणाबाहेरच्या हौदातील पाणी घ्यावे. गावाकडे शेतात मेंढ्या बसवतात, तीच ही रीत होय.

मग बातमी आली की, वसाहतीची सर्व व्यवस्था महानगरपालिका ताब्यात घेणार आहे. तोंडी करार महापालिका मानेल का, या काळजीने फकिराभाऊंना जेवण जाईना. पुन्हा पडलेल्या दुष्काळाचे दुसरे वर्ष होते आणि साठ मेंढ्यांना जवळपास दुसरे पाणी नव्हते.

ठरलेल्या दिवशी महानगरपालिकेचे अभियंता सोमनाथसाहेब ताब्यात घ्यायच्या सामानाची यादी करण्यास आले. कुंपणाखालून बाहेर जाणाऱ्या नळीपाशी ते थांबले. "ही कुठं जाते?"

"बंद हाय, साहेब. लई जुनी हाय," फकिराभाऊ भीतीपोटी खोटे बोलले.

"मग उद्या कापून टाकू." साहेब तसे लिहू लागले.

कुंपणापलीकडून केसरबाई ओरडली, "आरं फकिरा, बंद कशी? सकाळी माझी मेंढरं काय वारं प्याली व्हय?"

आता पाणीही जाणार आणि नोकरीही, असे फकिराभाऊंना वाटले. तरीही ते खाली वाकले आणि त्यांनी नळीचा व्हॉल्व्ह फिरवला. हौदात पाणी पडू लागले.

"चालू हाय, साहेब. भ्यालो म्हून खोटं बोललो. साठ मेंढरं पितात. बागंला खत त्यांचंच हाय."

साहेब रागावले. "अहो, यादीत नसेल ते उद्या कुणीही तोडेल. यादीत असेल तर तोडायला वरचा हुकूम लागतो." त्यांनी 'बंद' हा शब्द खोडून 'जनावरांचा हौद, चालू' असे लिहिले. "पण हुकूम आलाच, तर माझ्या हातात काही नाही."

यादीची प्रत पंपाच्या खोलीच्या दारावर लावली गेली. ती ओळ फकिराभाऊंनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. त्यानंतर पाऊस येईपर्यंत ते रोज सकाळी आधी फाटकाकडे पाहत. तोडण्याचा हुकूम घेऊन कचेरीचे कोणी येत नाही अशी खात्री झाली की, मगच व्हॉल्व्हला हात लावीत.