धबधब्यावरचा बघण्याचा कार्यक्रम

माझ्या भाचीला बघायला मुलुंडहून मंडळी येणार होती. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. घरी कांदेपोहे आणि प्रश्नोत्तरं नकोत, तुमच्याकडे एवढं छान अभयारण्य आहे, धबधबे आहेत, तिथेच भेटू, म्हणजे मुलं मोकळेपणाने बोलतील.

तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, या निरोपाने हरखून गेला. "शिकलेली मानसं हायेत," तो मला फोनवर म्हणाला. "तू ये गो. हिच्या आईला ताप हाय, कोनी तरी बाईमानूस नको का बरोबर?"

मी मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूरची एसटी पकडली. भाताच्या आवण्या उरकल्या होत्या, श्रावण लागला होता. भाचीने मोतिया रंगाचा साधा ड्रेस घातला होता. ती शहापूरला एका दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. फार बोलत नाही, पण बोलते तेव्हा समोरच्याच्या डोळ्यात बघून बोलते. भावाने ओळखीची जीप सांगितली होती. त्यात पुढे तो नव्या सदऱ्यात अवघडून बसला आणि मागे आम्ही दोघी.

भातसाच्या धरणाचं फुगलेलं पाणी डोंगरांच्या मधोमध दिसायला लागलं तिथे त्यांची गाडी थांबलेली होती. मुलगा, त्याची आई, आणि मोठी बहीण कडेवरच्या बाळासकट. मुलगा दिसायला नीटनेटका होता, पायात पांढरे बूट. वाकून नमस्कार केला त्याने. त्याची आई पाण्याकडे बघून म्हणाली, "अगदी फॉरेनसारखं वाटतंय हो!" भाऊ असा हसला, जणू ते धरण त्यानेच बांधलं होतं.

जंगल खात्याच्या नाक्यापलीकडे गाड्या लावून पायवाटेने चालायला लागलो आणि माझं डोकं सणकलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिखलात रुतलेल्या प्लेटा, गुटख्याच्या पुड्या, फुटक्या बाटल्या. करवंदीच्या जाळीवर कुणाची तरी ओली चड्डी लटकत होती. ताडपत्रीखाली भजी तळणारा आमच्याच गावाकडचा माणूस उरलेलं काळं तेल सरळ ओहोळात ओतत होता. मला ओळखून हात हलवला त्याने. मीही हलवला. आपलाच माणूस म्हणून त्याची शिसारी कमी आली नाही, उलट जास्तच आली.

धबधब्याखाली पोरांचा घोळका स्पीकर लावून नाचत होता. कड्यावरून पांढरं, देखणं पाणी पडत होतं आणि खालच्या डोहात साबणाचा फेस आणि चिप्सची पाकिटं गोल गोल फिरत होती. कुठल्या तरी दगडाआडून मुताचा भपका येत होता. मी पदर नाकाला लावला. मुलाची आई म्हणाली, "गर्दी असते हो सुट्टीची. चालायचंच."

आम्ही जरा खाली, प्रवाहाच्या कडेला सपाट खडकावर बसलो. मुलगा आणि भाची थोडं बाजूला बोलत होते. तो बरा बोलत होता, तीही एकदा हसलेली मी पाहिली. मनात म्हटलं, जमतंय बहुतेक. तेवढ्यात बाळाने घाण केली. बहिणीने त्याला खडकावर आडवं केलं, वाहत्या पाण्यात त्याचं ढुंगण धुतलं, डायपरची गुंडाळी केली आणि पाण्याला लागूनच असलेल्या कपारीत ती हाताने आत ढकलली. हात झटकले आणि पिशवीतून बिस्किटं काढून आमच्यापुढे धरली.

भावाने एक बिस्किट उचललं. ते त्याने खाल्लं, हे मी अजून विसरलेले नाही.

खालच्या वळणावर वाडीतली एक म्हातारी हंडा भरत होती. तिने हे पाहिलं असावं. हंडा तिथेच ठेवून ती वर चढून आली.

"बाय, ते काढ तिथून," ती बहिणीला म्हणाली. "खाली आमी पानी भरतो. पियाचं पानी हाय."

बहीण मुलाकडे बघायला लागली. मुलगा जवळ आला आणि हसून म्हणाला, "आजी, वाहतं पाणी आहे. वाहत्या पाण्याला काही होत नाही."

"आमच्या पोरांना जुलाब लागले रे. काढ बाबा."

"अहो, इथे एवढे लोक घाण करतात, तुम्हाला आमचंच दिसलं?"

म्हातारी जागची हलली नाही. भावाने घाईघाईने मध्ये तोंड घातलं. "जा गो म्हातारे, पावने आलेत. नको कटकट."

तेव्हा भाची उठली. खडकावर गुडघे टेकून तिने कपारीत हात घातला. पहिल्यांदा निघाली ती आत्ताची गुंडाळी. मग तिने परत हात घातला आणि आतून एक जुना, फुगून फुटलेला डायपर आला. त्यातला पांढरा बुळबुळीत चिकटा तिच्या बोटांवरून ओघळला. त्यामागे अजून एक. एक कुजका वास असा अंगावर आला की मी उठून बाजूला गेले आणि ओकले. खरंच ओकले.

भाचीने तिन्ही एका रिकाम्या पिशवीत भरले आणि पिशवी मुलापुढे धरली. "गाडीत ठेवा. शहापूरला कचराकुंडीत टाकू."

तो दोन पावलं मागे सरला. दोन्ही हात पाठीमागे नेले. "गाडीत? नवीन सीट कव्हर आहेत. वास बसेल."

"तुमच्या नळाला भातसाचंच पाणी येतं ना?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता.

"ते शुद्ध होऊन येतं. आणि घरी आमच्याकडे प्युरिफायर आहे."

"यांच्याकडे नाही."

तो खांदे उडवून आईकडे बघायला लागला. आई माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला आधी हात धुवायला सांगा हो. ईऽऽ, असल्या हातांनी बोलतेय काय!" आणि बाळाला तिच्यापासून लांब घेतलं, ज्याची घाण होती त्याच बाळाला.

पिशवी शेवटी मी घेतली. भाचीने वाटेवरच्या हातपंपावर कोपरापर्यंत हात घासले, मातीने, मग पानांनी, मग परत मातीने. परतीच्या वाटेवर जीपमध्ये ती पिशवी माझ्या पायाशी होती. काच उघडी ठेवूनही वास जात नव्हता. भाऊ पुढून एकदाच बोलला. "एवढ्याशा कचऱ्यापायी तमाशा केलास."

संध्याकाळी मध्यस्थाचा फोन आला. मुलगी पसंत होती! जरा तापट आहे, पण आमच्याकडे आली की निवळेल, असं मुलाची आई म्हणाली होती. भावाचा चेहरा उजळला. तो अंगणात जाऊन भाचीला हे सांगत होता तेव्हा ती दोरीवरून कपडे काढत होती.

"बाबा, नाही."

"अगं, मुलगा निर्व्यसनी हाय, घर सोताचं हाय..."

"त्याने हात पाठीमागे नेले, बाबा. मी ते रोज बघू शकणार नाही."

भाऊ महिनाभर तिच्याशी धड बोलला नाही. माझ्याशीही नाही. मी तिला भडकवलं असं त्याला वाटत होतं. मी काहीच केलं नव्हतं, नुसती ओकले होते. वहिनीने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "बरं झालं."

दिवाळीत मी माहेरी गेले तेव्हा आमचे एक लांबचे काका बसायला आले होते. त्यांनी विचारलं, ते मुलुंडचं स्थळ का मोडलं रे? भाऊ चटकन म्हणाला, "पत्रिका नाय जुळली."

भाची स्वयंपाकघराच्या दारात आली. हात पिठाचे होते.

"पत्रिका बघितलीच नव्हती, काका," ती म्हणाली. "मला त्या माणसाची किळस आली."

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. भाऊ पायात चपला सरकवून अंगणात निघून गेला. ती परत चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली, आणि मी तिच्या शेजारी जाऊन बसले.