गणपतची चेष्टा

इकडे हिंदी मुलखात, कांचघरला आमच्या शेजारी राहणारा गणपत अधारतालच्या एका कारखान्यात लेथवर होता. मार्चमध्ये त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं मशीनमध्ये चेंगरली. वाचली, पण वळेनात. मालकाने मदन महलकडच्या पुनर्वसन केंद्रात पाठवलं आणि बजावलं, चार महिन्यांत फिट असल्याची चिठ्ठी आण, नाहीतर जागा दुसऱ्याला.

केंद्रात बोटं वळावीत म्हणून त्याच्याकडून राजमा वेचून घेत, नट-बोल्ट फिरवून घेत. गणपत जात्याच थट्टेखोर. "मॅडम, महीने भर से राजमा चुन रहा हूँ, अब तड़का भी लगवा दो," असं रोज काहीतरी.

चौथ्या महिन्यात त्याची बायको पुष्पा केंद्राचा कागद घेऊन आली. दोघं मोर्शीकडची, हिंदी कामापुरती. मी तीस वर्षं हिंदीत भाजी घेते, म्हणून विद्वान. वाचलं, 'गणपत जी बहुत चेष्टा करते हैं।'

"पाहा जी काकू! हात असा, अन् हे डॉक्टरणीची चेष्टा करून राहिले!"

गणपतने नाकारलं नाही. केलीच होती. मी त्याला देवघरापुढे बसवून मारुतीरायाची शपथ घातली. दुसऱ्या दिवशी त्याने केंद्रातल्या अवंतिका मॅडमना हात जोडून सांगितलं, "आज से चेष्टा बिलकुल नहीं करूँगा।"

संध्याकाळी नवा कागद आला. 'रोगी ने चेष्टा करने से मना किया। काम पर भेजना उचित नहीं।'

मुदत सोमवारी संपत होती. "काहून असं झालं, काकू? शपथ तर पाळली!" पुष्पा रडायलाच लागली. मीही मारुतीरायाकडे जरा रागानेच पाहिलं.

माझ्या चिन्मयीला मराठी कळतं, पण बोलते हिंदीच. तिने कागद ओढून घेतला आणि हसत सुटली. "आई, चेष्टा मतलब कोशिश! आप लोगों ने इनकी कोशिश ही छुड़वा दी?"

शनिवारी मी स्वतः केंद्रात जाऊन चूक कबूल केली. अवंतिका मॅडम म्हणाल्या, "वही तो! हाथ जोड़कर कौन मना करता है?" आणि गणपतपुढे नट-बोल्ट ठेवला. त्याने ताठर बोटांनी, घाम गाळत, तो इतका आवळला की मॅडमना सुटेना.

चिठ्ठी मिळाली. गणपतने ती माझ्या हाती दिलीच नाही, थेट चिन्मयीकडे नेली. "तू वाच बेटा. काकूंना देवाचं वाचू दे."

तिने वाचलं, 'सोमवार से काम करने योग्य।'

पुष्पाने श्वास रोखून विचारलं, "हे योग्य आपलंच योग्य ना?"