शेवटच्या पंगतीतले बाबा

धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या दोन सीड्या अकरा वर्षं कपाटात पडून होत्या. त्या लावायचं यंत्र कधीच बिघडलं होतं. जालन्यातल्या एका स्टुडिओतून मी ते चित्रण मोबाईलमध्ये भरून आणलं. एकूण तीन तास सात मिनिटं. रविवारी सकाळी ते वायफायवरून नव्या टीव्हीवर लावलं.

आईला त्यात एकच गोष्ट बघायची होती. त्या दिवशी बाबा जेवले होते का?

लग्न वडीगोद्रीजवळच्या आमच्या गावात झालं. मुलीचे वडील म्हणून बाबा सकाळपासून उपाशी, आणि पंगती बसल्यावर हातात बुंदीची बादली. आईला मात्र बायकांनी आग्रह करून जेवायला बसवलं. संध्याकाळी तिने विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, "जेवलो की. गोडाला हातबी लावला न्हाई." त्यांना साखरेचा आजार होता, त्यामुळे दुसरं वाक्य तिला पटलं. पहिलं पटलं नाही. पोटात काही नसलं तरी 'जेवलो' म्हणायची त्यांची सवयच होती. वर्षभराने बाबा गेले. तेव्हापासून "मी जेवून घेतलं आन् ते तसेच राह्यले" हे मी इतक्या वेळा ऐकलं, की मोजणं सोडून दिलं.

एकेचाळिसाव्या मिनिटाला पडद्यावर आजोबा आले. तेही आता नाहीत. त्रेचाळीस इंची टीव्हीवर त्यांचा चेहरा खऱ्यापेक्षा मोठा दिसत होता. आईने डोक्यावर पदर घेतला आणि सोफ्यावरून उतरून खाली सतरंजीवर बसली.

"आत्याबाई, टीव्ही हाय तो," माझी बायको म्हणाली.

"टीव्ही असंल. सासरे हायेत ना?"

दोन तास बारा मिनिटांपासून पंगती सुरू झाल्या. पहिल्या तिन्ही पंगतींत बाबा वाढतानाच दिसले. चौथी, शेवटची पंगत बसली आणि चित्र थांबलं. बादली हातात घेऊन वाकलेले बाबा, आणि त्यांच्या छातीवर गोल फिरणारं चक्र.

"बघ, वाढूनच राह्यले," आई म्हणाली. "बंद कर."

मी बंद केलं नाही. राऊटर आतल्या खोलीत होता, मध्ये दोन भिंती. वायर पुरली तिथपर्यंत, म्हणजे दारापर्यंत, तो ओढून आणला. चक्र गेलं. बाबा सरळ झाले. पंगतीत बसलेल्या आजोबांनी त्यांच्या हातातली बादली दुसऱ्याला देववली आणि मनगट धरून त्यांना शेजारी बसवलं.

बाबा जेवले. मी मोजत होतो. तीन पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण-भात एकदा. आणि बुंदी दोनदा. दुसऱ्या वेळी तर पुढे गेलेल्या वाढप्याला त्यांनी हात करून परत बोलावलं.

आई पुढे सरकली. "दोनदा? आन् मला म्हणले हातबी लावला न्हाई!"

बायको तोंडाला पदर लावून हसत होती. आईने डोळे पुसले आणि टीव्हीकडे बघत म्हणाली, "लबाड कुठले."

सासरे शेजारीच बसलेले होते, म्हणून हे तिने अगदी हळू म्हटलं.