डब्यातला हिंग

लेकीला गहू कणभरही चालणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा ती पहिलीत होती. मी ऑफिसला जाते. कुवेंपुनगरातल्या आमच्या घरी स्वयंपाक माझी आई करते. पोळ्या बंद झाल्या, भात आणि नाचणी सुरू झाली. मी दुकानात उभी राहून पाकिटांमागची बारीक अक्षरं वाचायला लागले. आईला त्याचं हसू यायचं. "अय्यो, पाकिटातलं आपण देतोच कुठं तिला?" म्हणायची.

तरी पोरीचं पोट दुखायचं थांबेना. ती कळवळली की आई कासावीस व्हायची आणि घरोघरी करतात तेच करायची: ताकात चिमूटभर जास्त हिंग. चिंचेच्या सारूत तर तो रोजचाच.

आईच्या स्वयंपाकघरात पाकीट म्हणून टिकत नाही. सामान आलं की स्टीलच्या डब्यात, वेष्टन केरात. त्या रविवारी मी हिंग आणला. आई डबा उघडून उभी होती आणि मी निव्वळ सवयीने पुडीमागचं वाचलं. गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. जे जास्त ते आधी लिहितात. हिंगाच्या पुडीत हिंगच शेवटी! माझं डोकंच फिरलं.

आईची शाळा कन्नडमधली, इंग्रजी तिला वाचता येत नाही. मी वाचून दाखवलं तसा तिने डबा खाली ठेवला.

"म्हणजे दुखतंय म्हणून मी अजून अजून देत गेले की गं." आणि मग, "साकु. पुरे झालं माझं. तिचं आता तूच कर."

पोट दुखायचं थांबलं. पण आईने लेकीच्या ताटाला हात लावणं सोडलं. मी तांदळाच्या पिठाचा हिंग शोधून आणला, तरी नाही. नात माझं बेचव सारू गिळायची आणि आई दारातून बघत राहायची. मला तिच्याकडे बघवत नसे.

एका सकाळी लेक ती नवी पुडी घेऊन आजीपुढे बसली. अक्षरावर बोट ठेवत, अडखळत सगळं वाचलं.

"अज्जी, ह्यात राइस आहे. व्हीट नाही. तू कर ना सारू."

"परत वाच," आई म्हणाली.

लेकीने परत वाचलं. मग आईने गॅस पेटवला.