पूर्ण बाह्यांचा सदरा

धानोऱ्याच्या स्टँडजवळचा गाड्या दुरुस्त करणारा तो मिस्त्री भर मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घालायचा. वर्षानुवर्षं नशेच्या सुया टोचून त्याच्या हातांवर गळवं झाली होती. दवाखान्यातला कंपाउंडर म्हणून मी पू काढायचो, तेव्हा तो हसायचा.

"भाऊ, इतकी ठिगळं लावलेली ट्यूब मी फेकून देतो. तुमी मले काऊन जपून राह्यले?"

गळू सडलं, हात कापायचं ठरलं. डॉक्टरांनी माझ्यासमोरच विचारलं, "पहिली सुई कोणी दिली?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "आठवत नाई, साहेब."

मला आठवतं. कंबरदुखीने त्याला वाकता येत नव्हतं आणि माझी मोपेड बंद पडली होती. ती दुरुस्त होईपर्यंत डॉक्टरांना न विचारता मीच त्याला दुखणं मारणारं नशेचं इंजेक्शन रोज टोचत होतो.

मोपेड आजही पहिल्या किकला सुरू होते.